सातवा खांब

गोदामांच्या मागे एक सरळ रस्ता आहे. इतका सपाट, की सांडलेलं पाणीसुद्धा तिथे कुठे जावं या विचारात पडतं. कडेने विजेचे खांब आहेत, दोन खांबांत साधारण सत्तर पावलं. रोज सकाळी एक बाई कुणाची ना कुणाची गाडी घेऊन तिथे येते, वेग चाळीसवर नेते, पहिल्या खांबाशी गिअर न्यूट्रलला टाकते, दोन्ही पाय उचलून बाजूला ठेवते आणि गाडी आपल्या मर्जीने कुठवर जाते ते बघत बसते. ठणठणीत तब्येतीची गाडी सातव्या खांबाशी जाऊन थांबते. सहाव्याशी थांबली तर बाईच्या कपाळाला आठी पडते. पाचव्याशी थांबली तर ती गाडी परत आणून मालकाला सांगते, "उद्या या." मालकाला लग्नाला जायचं असो की कोर्टात, उद्या म्हणजे उद्या.

म्हणून तिचं नाव पडलं खांबवाली. खरं नाव कुठल्या तरी कागदावर असेल, पण ते विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

वय चव्वेचाळीस, अंगाने काटकुळी. बोटांच्या पेरांत तेल असं मुरलेलं की कुठल्याही साबणाने हात टेकावेत. पंक्चरच्या दुकानाला लागून दोन गाड्या मावतील एवढी तिची पत्र्याची शेड. बोलणं मोजकं, त्यातलंही निम्मं गाडीशी. गिऱ्हाईक तिला घाबरून असतं आणि तरी तिलाच धरून असतं, कारण तिच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे तिचा डूख. तुमचे आमचे राग येतात आणि जातात, चहा थंड व्हायच्या आत आपण विसरतो. खांबवालीने एक राग अठरा वर्षं जपला होता. रोज पुसून, तेलपाणी करून, वेळ आली की पहिल्या किल्लीला सुरू व्हावा असा. तो राग होता सख्ख्या काकांवर.

वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. काकांनी तिला आणि तिच्या आईला आपल्या घरी आणलं. खाली गॅरेज, वर घर. काकांनी सांभाळलं हे खरं, आणि ते कुणाला विसरू दिलं नाही हेही तितकंच खरं. पण काम मात्र हात धरून शिकवलं. तापलेल्या चाकाला तळहात लावायचा नाही, हाताची पालथी बाजू लावायची. चटका बसला तरी पाना धरायची बाजू शाबूत राहते. ही त्यांचीच शिकवण. काकांचा स्वतःचा मुलगा बाब्या तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला ग्रीसच्या वासाने मळमळायचं. तरी गॅरेज त्याचंच होणार ही काळ्या दगडावरची रेघ होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही बाकीच्या घरांत नुसती म्हण असते. त्या घरात ती हजेरीपटावर होती.

काकांच्या गॅरेजची ख्याती होती ती ब्रेकच्या पेडलसाठी. दुसऱ्यांच्या गाडीत पेडल निम्मं खाली गेल्यावर ब्रेक लागायचा. काकांच्या हातच्या गाडीत पाय नुसता टेकला की गाडी जागच्या जागी. गिऱ्हाईक खूश. ही सगळी किमया काकांच्या 'शेवटच्या हाता'ची. काम कुणीही केलेलं असो, गाडी बाहेर काढण्याआधी काका स्वतः स्टिअरिंगखाली वाकायचे, दोन मिनिटं काहीतरी करायचे, आणि पेडलच्या रॉडवर जो चेकनट असतो, म्हणजे रॉडचं माप हलू नये म्हणून कसलेला नट, त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. नट हलला तर ठिपका तडकतो. नेलपॉलिश काकूची असायची. काकू गेल्यावर ते स्वतः दुकानात जाऊन आणायचे आणि दुकानदाराने तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "गाडीसाठी." त्या दोन मिनिटांत ते नेमकं काय करतात हे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. सगळे समजायचे, नट कसतात आणि सही ठोकतात.

गॅरेजच्या अंगणात एक लांब बाक होता. सकाळी दहाला जुनी गिऱ्हाइकं तिथे जमायची, चहा प्यायची आणि जगाचा निवाडा करायची. त्यांत गणिताचे मास्तर होते. खांबवाली सव्वीस वर्षांची असताना मास्तरांच्या गाडीचं ब्रेकचं काम तिने एकटीने केलं. पेडलचा दाब चारही चाकांना पोचवतो तो मास्टर सिलिंडर नवा, पेडलच्या सांध्यातली झिजलेली बुशं नवी, चारही चाकं उघडून साफ. ट्रायलला गाडी सातव्या खांबाच्या दोन हात पुढे गेली. काकांनी शेवटचा हात मारला, आणि मास्तर गाडी घेऊन घाटापलीकडे बहिणीकडे गेले. परतताना उतारावर ब्रेकचं तेल उकळलं, पेडल फरशीला टेकलं आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळली. मास्तर वाचले. उजवा पाय मात्र गुडघ्यात जन्माचा ताठ झाला.

ब्रेक धरून राहिले होते म्हणून तापले, हे चाकं बघून सगळ्यांना कळलं. का धरले ते कुणालाच कळलं नाही. खांबवाली म्हणाली, "काका, गाडी मोकळी होती. सातव्या खांबापर्यंत गेली होती."

काका तिच्याकडे न बघता बाकाकडे वळून म्हणाले, "खांब मोजून ब्रेक होत नाहीत. हिच्या हातात ब्रेक दिले, ही माझी चूक."

बाकावरच्या माना हलल्या. निकाल लागला. आठवड्यात गाडी भंगारात गेली, म्हणजे जो काही पुरावा होता तोही गेला. तिसऱ्या आठवड्यात काकांनी तिला काचा पुसायला सांगितलं. तिने फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि आईला घेऊन घराबाहेर पडली. लोक म्हणाले, खाल्ल्या घरचे वासे मोजते. पुढची तीन वर्षं तिने फक्त पंक्चर काढली, कारण ब्रेक राहू द्या, हॉर्न बसवायलाही कुणी तिच्याकडे गाडी देत नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तिला स्वतःचीच शंका यायची. टायर घासता घासता हात थांबायचे. एखादं वॉशर उलटं बसलं होतं का? एखादी रबरी रिंग चिमटली होती का? मास्तरांची गाडी तिने मनात हजार वेळा उघडली आणि हजार वेळा बसवली. काकांचा खरा गुन्हा हाच होता. त्यांनी तिचं काम काढून घेतलं ते घेतलंच, पण तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासही बाकावर बसलेल्यांना वाटून टाकला.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. जाताना इतर आया सांगतात तसं ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. म्हणाली, "त्याच्या तोंडून ऐक. त्याच बाकापुढे. मी असेन, नसेन, तू ऐक." असं बघायला गेलं तर खांबवालीची मागणी फार लहान होती. एक वाक्य, त्याच माणसाच्या तोंडून, त्याच माणसांपुढे, उलटं करून.

आणि मग एका सकाळी बाब्या शेडच्या दाराशी उभा राहिला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे ठीकच आहे. पण गाढवाला त्या वेळी काय वाटत असेल याचा विचार म्हण करणाऱ्याने केलेला नाही. खांबवालीने पाना खाली ठेवला नाही. बाब्याचं पोट वाढलं होतं, केस गेले होते, आणि पाठीमागे काकांची गाडी उभी होती.

"ताई, जरा गाडी बघतेस का?" तो म्हणाला. "बाबांची आहे."

"तुझं गॅरेज बंद पडलं का?"

"कसलं बंद पडतंय. पण हे दुखणं सापडत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी ओढते. रस्ता सपाट असला तरी. परवा बाबांच्या मागे ट्रक होता, थोडक्यात वाचले. तेव्हापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत."

"काय काय बदललंस?"

"चाकाची बेअरिंगं, गिअरचं तेल, कॅलिपर. कंपनीत नेली, त्यांनी कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणतो गाडी ठणठणीत आहे."

"त्याच्या आधी ब्रेकला कधी हात लागला?"

"दोन महिन्यांपूर्वी. मास्टर सिलिंडर नवा टाकला. पेडलची बुशं गेली होती, तीही टाकली."

खांबवालीच्या मानेवरचे केस उभे राहिले. नवा सिलिंडर, नवी बुशं. अठरा वर्षांत असं जोडीने काम तिने पन्नास गाड्यांत केलं असेल. पण काकांच्या गॅरेजमधून बाहेर पडलेल्या गाडीत हे ती दुसऱ्यांदा ऐकत होती.

दोघं गोदामांमागच्या रस्त्यावर गेले. पहिल्या खांबाशी तिने गिअर काढला. गाडी शहाण्या बाळासारखी सातव्या खांबाशी जाऊन थांबली.

"बघ," बाब्या वैतागून म्हणाला. "हे असंच. दाखवायला गेलं की काही नाही."

"थंड आहे म्हणून. तुम्ही सगळ्यांनी हिला रांगेत उभी करून थंड केलीत आणि मग तपासलीत. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेल्यासारखं."

तिने गाडी बाजारातून, वळणावळणाने, दर दोन मिनिटांनी ब्रेक दाबत अर्धा तास फिरवली. परत रस्त्यावर आणली, चाळीसवर नेली, पहिल्या खांबाशी न्यूट्रल. गाडी तिसऱ्या खांबाशीच थांबली. बाब्याने तोंडातून एक शब्द काढला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

न्यूट्रलमध्येही ओढते, म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं, गिअरबॉक्सही जवळजवळ सुटला. उरली चाकं. खांबवाली उतरली आणि एकेका चाकाशी बसून हाताची पालथी बाजू जवळ नेत गेली. एखादंच चाक तापलं असतं तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा. पुढची दोन तापली असती तर पुढचं काहीतरी. चारही सारखीच तापली होती. म्हणजे चोर कुठल्याही चाकात नव्हता. चौघांना जिथून हुकूम जातो तिथे होता.

शेडमध्ये येऊन तिने बाब्याला चहा सांगायला कोपऱ्यावर पिटाळलं. तो वळताच पुढचं चाक जॅकवर घेतलं. हाताने हलेना. बॉनेट उघडून तिने मास्टर सिलिंडरचे दोन नट चार-चार फेरे सैल केले आणि चाकाला बोट लावलं. चाक गरगर फिरलं. मग ती हातात बॅटरी घेऊन, पाय दाराबाहेर काढून, स्टिअरिंगखाली उताणी शिरली.

वर, अंधारात, पेडलच्या रॉडवर चेकनट होता. त्याच्या मागे रॉडचे आटे जितके दिसायला हवेत त्याहून जास्त दिसत होते. आणि नटावर लाल ठिपका होता.

ती तशीच पडून राहिली. काका नट कसत नव्हते. काका रॉड लांब करत होते. पेडल वर येतं ते त्यामुळे. तिच्या डोळ्यांसमोर मास्तरांची गाडी एक हजार एकाव्या वेळी उघडली गेली आणि या वेळी बंद झाली. वॉशर सरळ होतं, रिंग शाबूत होती, काम चोख होतं. तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं तरी ती हसतच होती.

शेजारचा पंक्चरवाला नंतर सांगायचा, "मला वाटलं बाईला शॉक लागला."

बाब्या चहा घेऊन आला तोवर दोन नट परत कसलेले होते. रॉडला मात्र तिने हात लावला नव्हता. बिघाड सापडूनही गाडी तशीच ठेवणं, हे तिने आयुष्यात तेवढं एकदाच केलं. किल्ली खिशात टाकून ती म्हणाली, "गाडी आज इथेच राहील. चालवायची नाही. उद्या दहाला मी तुमच्या अंगणात घेऊन येते. काकांना खाली आणून बसव. बाकावर कोणकोण असतं आता?"

"तेच सगळे. मास्तर, पोस्टमन, आणखी दोघं. पण झालंय काय ते सांग ना."

"काकांनाच सांगेन."

"ताई, म्हातारा माणूस आहे."

"म्हणूनच उद्या. परवावर नको."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघाली. अंगणाच्या फाटकातून आत शिरताना तिने गिअर काढला, पाय उचलले, आणि गाडी बाकापर्यंत पोचायच्या आत आपोआप थांबली. चाकांमधून करपलेला वास येत होता. बाक तोच होता, फक्त पाय नवे बसवले होते. मास्तर एका टोकाला, काठी मांडीवर, उजवा पाय समोर सरळ, येणाऱ्या-जाणाऱ्याने ओलांडून जावं असा. काका खुर्चीत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण हनुवटी अजून वरच.

अठरा वर्षांनी पुतणी समोर उभी राहिली तर माणूस काहीतरी विचारतो. काकांनी विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं. उठा काका. चाक फिरवा."

"मी कशाला? बाब्या आहे ना."

"बाब्याने दोन महिने फिरवलं. आता तुम्ही."

तिने पुढचं चाक जॅकवर घेतलं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. त्यांनी सवयीने हाताची पालथी बाजू चाकाजवळ नेली आणि मागे घेतली. "ब्रेक धरलेत," ते म्हणाले. "हलका माल टाकला असणार." आणि त्यांनी बाब्याकडे बघितलं.

खांबवालीने पाना त्यांच्या हातात दिला. "मास्टर सिलिंडरचे हे दोन नट. सैल करा, काढू नका." त्यांनी केले. "आता फिरवा."

चाक एका बोटाने फिरलं. बाक पुढे झुकला.

"सिलिंडर जरासा पुढे सरकला आणि चाकं सुटली," ती बाकाला म्हणाली. "म्हणजे मागून रॉड त्याला सतत ढकलतोय. पेडलवर पाय नसला तरी पाय ठेवल्यासारखंच. गाडी थंड आहे तोवर कळत नाही. तापली की ब्रेकचं तेल फुगतं. त्याला परत जायची वाट रॉडने बंद केलेली असते, म्हणून ब्रेक आपोआप आवळत जातो. जितका आवळतो तितका तापतो, जितका तापतो तितका आवळतो. सपाटीला असलात तर गाडी ओढते. उतारावर असलात तर तेल उकळतं."

उतार म्हटल्यावर मास्तरांनी काठी मांडीवरून खाली घेतली.

"रॉड कसा लांब होईल?" बाब्या म्हणाला. "माप तर कंपनीतून ठरून येतं."

"कुणी केल्याशिवाय होत नाही." तिने ड्रायव्हरचं दार उघडलं, एक जुना गाडीचा आरसा खाली धरला आणि बॅटरी मारली, वाकता न येणाऱ्या माणसालाही दिसावं असा. आरशात लाल ठिपका चमकला.

काका चिडले. चोराच्या उलट्या बोंबा असतात तसं ते चिडणं नव्हतं. खरोखर आपल्या कामाला नाव ठेवलं म्हणून चिडले. "त्यात काय दाखवतेस? माझाच आहे तो. दीड फेरा देतो मी रॉडला. पेडल वर येतं, म्हणून तर लोक इथे येतात. चाळीस वर्षं देत आलोय. एक गाडी सोडली नाही. आजवर कुणाला काही झालेलं नाही."

मास्तरांच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्यांच्या पायाकडे बघत होते.

मास्तरांनी विचारलं, "माझ्या गाडीलाही दिला होता?"

"दिला होता. सगळ्यांना देतो मी, तुम्हालाच काय..." काका बोलता बोलता थांबले.

"जुन्या गाडीत बुशं झिजलेली असतात," खांबवाली म्हणाली. "तुमचा दीड फेरा त्या ढिलाईत जिरून जायचा. चाळीस वर्षं त्यावरच निभावलं. मास्तरांच्या गाडीत मी ढिलाई ठेवली नव्हती."

मग ती काकांचा चेहरा बघत राहिली. कळणं माणसाच्या तोंडावर कसं चढतं ते तिला बघायचं होतं. आधी कपाळ, मग डोळे, मग ओठ जागेवर राहीनात. हनुवटी खाली आली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

पोस्टमन कनवाळू माणूस. तो म्हणाला, "जाऊ दे पोरी. म्हातारा झालाय तो. आता उकरून काय मिळणार?"

"मी सव्वीस वर्षांची होते," ती म्हणाली. "तेव्हा, पोर आहे, जाऊ दे, असं तुमच्यापैकी कोण म्हणालं होतं?"

पोस्टमनने चहाच्या कपात बघितलं. कप रिकामा होता तरी तो बघत राहिला.

"काका, दीड फेरा परत घ्या. तुमच्या हाताने."

काका स्टिअरिंगखाली वाकले. दोन मिनिटांच्या कामाला या वेळी वीस लागली. दाराबाहेर त्यांचे पाय दिसत होते आणि एक चप्पल निसटून खाली पडली होती. बाब्या पुढे झाला तेव्हा खांबवालीने पाना आडवा धरला. शेवटी काका बाहेर आले, घामाने निथळत. सवयीने त्यांचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला.

"ठिपका नको," ती म्हणाली.

मग सिलिंडरचे नट कसून तिने त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी पुन्हा तशीच तापवून गोदामांमागच्या रस्त्यावर आणली. चाळीस. पहिला खांब. न्यूट्रल. काका खिडकीतून खांब मोजत होते. तीन, चार, पाच. हेच खांब त्यांनी कधीकाळी हसण्यावारी नेले होते. गाडी सातवा खांब ओलांडून दोन हात पुढे थांबली.

"तेव्हाही इथवर आली होती?" काकांनी विचारलं.

"इथवरच."

त्यांनी मागे वळून पहिल्या खांबापासूनचं अंतर बघितलं. मग हळू म्हणाले, "चूक माझी होती."

खांबवालीने किल्ली फिरवली. "खांबांना ऐकवून काय उपयोग, काका? त्यांनी मला कधी नावं ठेवली नव्हती."

अंगणात परत आल्यावर काका दाराला धरून उभे राहिले. बाक भरलेलाच होता. अशा वेळी कोण घरी जातं? त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हिच्या हातात ब्रेक दिले ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "चूक माझ्या हाताची." आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. मग ते "मास्तर..." एवढंच म्हणाले आणि खुर्ची चाचपत खाली बसले.

मास्तर खांबवालीला म्हणाले, "पोरी, मीही तेव्हा हॉस्पिटलमधून आल्यावर याच बाकावर मान हलवली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पंधराव्या दिवशी. डावीकडून दुसरे बसला होतात."

किल्ली बाब्याच्या हातात देऊन ती चालत घरी गेली. सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही, असं नाकाने कांदे सोलणारे सांगतात. सांगोत बापडे. खांबवाली घरी आली, पोटभर जेवली आणि जी आडवी झाली ती संध्याकाळी पाचला उठली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती झोपेत कुणाशी भांडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाब्या एक कागद घेऊन आला. वहीचं पान, वर काकांचं गोलगरगरीत अक्षर. त्या अक्षरातल्या पाट्या अर्ध्या बाजाराने वाचलेल्या. पानावर गाड्यांचे बारा नंबर होते आणि खाली एक ओळ होती: 'या गाड्यांना मी दीड फेरा दिला आहे. ब्रेक हिच्याच हातात द्यावेत.' पहिला नंबर लिहून त्यावर रेघ मारली होती. तो मास्तरांच्या भंगारात गेलेल्या गाडीचा होता. खांबवालीला तो पाठ होता. काकांनाही पाठ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"अजून रस्त्यावर असलेल्या आणि वहीत सापडलेल्या या अकरा गाड्यांच्या मालकांना बाबांनी स्वतः फोन केले," बाब्या म्हणाला. "आजपासून येतील. ते विचारत होते, आता झालं ना?"

"अकरा होऊ देत," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती कागद हातात धरून उभी राहिली. आत, हत्यारांच्या फळीवर आईचा फोटो होता. त्याच्या खाली लावावा असं तिच्या मनात आलं. पण ती आईला ओळखून होती. आई म्हणाली असती, आत कशाला, बाहेर लाव.

तिने तो बाहेर लावला.